टेप, चौरस फूट आणि सोळा सह्या: एमआयटीतल्या प्राध्यापिकांनी काय मोजलं?

आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा वाचायचा अवतार. लोकलमध्ये हेडफोन घरी राहिला असेल, किंवा ऐकताना एखादा आकडा निसटला असेल, तर इथे सावकाश वाचा. मधले मधले 'अं' आणि 'म्हणजे बघ' मी काढून टाकलेत. बाकी बोलणं तेच.

आजचा विषय आहे विद्यापीठातलं बायकांचं स्थान. हे ऐकलं की बरेच जण म्हणतात, "आता कुठे राहिलाय भेदभाव? मुली शिकतायत, टॉप करतायत, प्रोफेसर होतायत." खरंच होतायत. पण आत शिरायला मिळणं ही एक गोष्ट झाली. आत गेल्यावर तुमच्या वाट्याला किती जागा येते, किती पैसा येतो, निर्णयाच्या बैठकीत तुम्हाला कोणी बोलावतं का, ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. पहिलीला आपण प्रवेश म्हणू आणि दुसरीला स्थान. आजचा सगळा भाग या दुसऱ्या गोष्टीवर आहे.

प्रवेशाची लढाई आपल्याकडे कशी होती, त्याचं एक मराठी उदाहरण आधी सांगते. कमला भागवत, म्हणजे नंतरच्या कमला सोहोनी. दुर्गा भागवतांची बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठातून उत्तम गुणांनी बीएस्सी झाल्यावर त्यांनी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. तिथे प्रमुख होते सी. व्ही. रामन. नोबेल मिळालेले. त्यांनी नकार दिला, कारण अर्ज करणारी मुलगी होती. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला, पण पहिलं वर्ष अटींवर. त्यांनी ते निभावलं आणि पुढे केंब्रिजमधून डॉक्टरेट घेतली. दार बंद होतं, ते उघडलं. अशी गोष्ट सांगायला सोपी असते, कारण त्यात नकार स्पष्ट शब्दांत दिलेला असतो.

पण दार उघडं असेल, कोणी उघड नकार देत नसेल, सगळे हसून बोलत असतील, आणि तरीही तुम्हाला कमी मिळत असेल, तर? ते सिद्ध कसं करायचं? याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उत्तर अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये सापडलं. आणि त्याची सुरुवात झाली माशांच्या टाक्यांपासून.

माशांना जागा हवी

नॅन्सी हॉपकिन्स या जीवशास्त्रज्ञ १९७३ साली एमआयटीत प्राध्यापक म्हणून लागल्या. बरीच वर्षं त्यांनी कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूंवर काम केलं, त्यात नाव कमावलं आणि कायम नेमणूक मिळवली. अमेरिकेत या कायम नेमणुकीला टेन्युअर म्हणतात. ते मिळालं की तुम्ही पक्के. मग १९९० च्या आसपास त्यांनी विषय बदलायचं ठरवलं. झेब्राफिश नावाचा बोटाएवढासुद्धा नसलेला पट्ट्यापट्ट्यांचा मासा असतो. त्याचं अंड्यातलं पिल्लू पारदर्शक असतं, त्यामुळे अवयव कसे तयार होतात ते चक्क बघता येतं. कोणतं जनुक बिघडलं की वाढीत काय बिघडतं, हे शोधायला उत्तम.

आता मासे म्हटलं की टाक्या आल्या आणि टाक्या म्हटलं की जागा आली. हॉपकिन्स यांनी २०० चौरस फूट जास्त मागितले. म्हणजे किती, तर आपल्या जुन्या चाळीतली साधारण एक खोली. एवढ्या मोठ्या संस्थेत एवढीशी मागणी, पण ती पुढे सरकेना. त्यांना सांगण्यात येत होतं की तुम्हाला इतरांइतकीच जागा आहे.

इथे आपण काय करतो? मनात म्हणतो, "असेल बाबा, आपल्यालाच जास्त लागत असेल." हॉपकिन्स यांनी वेगळं केलं. १९९३ साली त्यांनी मेजरिंग टेप घेतली आणि प्रयोगशाळांमध्ये माणसं नसतील अशा वेळी इमारतीतल्या खोल्या मोजून काढल्या. एकेक लॅब, एकेक ऑफिस.

आकडे असे निघाले. हॉपकिन्स यांच्याकडे साधारण १,५०० चौरस फूट. त्यांच्या बरोबरीच्या वरिष्ठ पुरुष प्राध्यापकांकडे ३,००० आणि काहींकडे त्याहून बरेच जास्त. गंमत म्हणजे नव्याने लागलेल्या कनिष्ठ पुरुष प्राध्यापकांकडेही सरासरी २,००० च्या घरात. वीस वर्षं नोकरी झालेल्या बाईंपेक्षा काल आलेल्या मुलाला जास्त जागा!

मला हा प्रसंग का आवडतो सांगते. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे "ॲप स्लो वाटतंय" अशी तक्रार आली तर कोणी हलत नाही. "हे पान उघडायला चार सेकंद लागतात आणि शेजारचं एका सेकंदात उघडतं" असं म्हटलं की लगेच तिकीट उघडतं. 'वाटतंय' या शब्दाला खोडता येतं. चौरस फुटाला खोडता येत नाही.

एका जेवणाच्या टेबलावर

जागेचा वाद चालूच होता, तेवढ्यात दुसरी गोष्ट घडली. एमआयटीत पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी जीवशास्त्राचा एक पायाभूत अभ्यासक्रम होता. तो उभा करण्यात हॉपकिन्स यांचा मोठा वाटा होता आणि त्या तो एका सहकाऱ्यासोबत शिकवत होत्या. एक दिवस त्यांना सांगण्यात आलं की यापुढे त्यांच्या जागी दुसरे एक पुरुष प्राध्यापक शिकवतील. त्या अभ्यासक्रमावर पुस्तक काढायचा बेतही शिजत होता, आणि त्यात हॉपकिन्स नव्हत्या.

१९९४ च्या उन्हाळ्यात त्यांनी एमआयटीचे अध्यक्ष चार्ल्स व्हेस्ट यांना पत्र लिहायला घेतलं. पत्र कडक होतं. पाठवण्याआधी कोणीतरी वाचावं म्हणून त्यांनी ते मेरी-लू पार्ड्यू या सहकारी प्राध्यापिकेला दाखवलं. पार्ड्यू अतिशय मानाच्या शास्त्रज्ञ, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या सदस्य, आणि स्वभावाने शांत. दोघी जेवायला बसल्या होत्या. हॉपकिन्स यांना धाकधूक होती की आता या म्हणतील, जरा अतीच करतेयस. पार्ड्यूंनी पत्र शेवटपर्यंत वाचलं आणि सांगितलं की मलाही यावर सही करायची आहे, आणि आपण अध्यक्षांना भेटायला हवं.

तोवर त्या दोघी एकमेकींशी यावर कधी बोलल्याच नव्हत्या. वर्षानुवर्षं एका विभागात काम करून! दोघींनाही वाटत होतं की हे फक्त आपल्या बाबतीत होतंय, बहुतेक आपण तेवढ्या चांगल्या नाही म्हणून, किंवा एखादा सहकारी विचित्र आहे म्हणून. एकटीला आलेला अनुभव हा नेहमी किस्सा असतो. दहा जणींचे तेच किस्से एकाखाली एक लिहिले की त्याचा नमुना दिसायला लागतो. सर्व्हरच्या लॉगमध्ये एखादी चूक दिसली तर आपण ती सोडून देतो, पण तीच ओळ दर तासाला दिसली तर मूळ कुठेतरी खोल आहे हे कळतं. तसंच.

मग त्यांनी यादी करायला घेतली. एमआयटीच्या विज्ञान शाखेत सहा विभाग होते: जीवशास्त्र, रसायन, भौतिकी, गणित, मेंदू व आकलनशास्त्र, आणि पृथ्वी-वातावरण-ग्रह विज्ञान. या सहा विभागांत कायम झालेल्या प्राध्यापिका किती? पंधरा. कायम झालेले पुरुष? १९० च्या पुढे. यादी करायला वेळच लागला नाही, एवढी ती छोटी होती.

त्या एकेकीच्या दारावर गेल्या. जवळपास प्रत्येकीने होकार दिला. दुसऱ्या शाखेतूनही साथ मिळाली आणि सह्या झाल्या सोळा. ऑगस्ट १९९४ मध्ये त्यांच्यातल्या काही जणी विज्ञान शाखेचे अधिष्ठाता, भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट बर्जेनो यांना भेटल्या. एकेकीने आपला अनुभव सांगितला. बर्जेनो यांनी पुढे अनेकदा सांगितलंय की त्या एका बैठकीतच त्यांची खात्री पटली. एकटीदुकटी आली असती तर त्यांनीही कदाचित अपवाद म्हणून सोडून दिलं असतं. इथे संस्थेतल्या सर्वांत नावाजलेल्या बायका एका सुरात बोलत होत्या.

मागणी काय होती, तेही बघा. पगार वाढवा, अमक्याला काढा, असलं काही नाही. मागणी होती एक समिती नेमा आणि आम्हाला आकडे बघू द्या. एवढ्यालाही काही विभागप्रमुखांनी विरोध केला. पण १९९५ साली समिती झाली. तिच्यात प्राध्यापिका होत्याच, शिवाय विभागप्रमुख राहिलेले पुरुष प्राध्यापकही होते. हा निर्णय शहाणपणाचा ठरला, कारण निष्कर्ष आले तेव्हा "बायकांनी बायकांसाठी लिहिलं" एवढं म्हणून ते उडवता येईनात.

आकड्यांत काय सापडलं

समितीने पगार, जागा, पुरस्कारांसाठी झालेली नामांकनं, संस्थेकडून मिळालेली साधनं, महत्त्वाच्या समित्यांवरची नेमणूक असं सगळं तपासलं आणि प्राध्यापिकांच्या मुलाखती घेतल्या. मार्च १९९९ मध्ये अहवालाची संक्षिप्त आवृत्ती एमआयटीच्या प्राध्यापक-पत्रिकेत छापून आली आणि काही दिवसांतच ती अमेरिकेतल्या मोठ्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर गेली. त्यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, संख्या. १९९४ मध्ये विज्ञान शाखेत एकूण २२ प्राध्यापिका आणि २५२ प्राध्यापक होते. म्हणजे ८ टक्के. हे प्रमाण किमान दहा वर्षं, बहुधा वीस वर्षं, तिथेच अडकून होतं. वर्गात मुली वाढत होत्या, फळ्यापुढे वाढत नव्हत्या.

दुसरी, खुर्ची. तोवर विज्ञान शाखेच्या साऱ्या इतिहासात एकही बाई विभागप्रमुख, सहविभागप्रमुख किंवा केंद्राची संचालक झाली नव्हती. एमआयटीतून पदवी घेणारी पहिली स्त्री एलेन स्वॅलो रिचर्ड्स, रसायनशास्त्रज्ञ, साल १८७३. आणि एमआयटीत विज्ञानाच्या विभागाची प्रमुख झालेली पहिली स्त्री मारिया झुबर, साल २००३. प्रवेश ते खुर्ची या अंतराला १३० वर्षं लागली. "थांबा जरा, मुली आता कुठे शिकायला लागल्यात, आपोआप वर पोहोचतील" असं कोणी म्हणालं की हा आकडा आठवा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. समितीने तरुण आणि ज्येष्ठ प्राध्यापिकांशी वेगवेगळं बोलणं केलं. तरुण प्राध्यापिका म्हणाल्या, आम्हाला विभागाचा पाठिंबा आहे, भेदभाव वगैरे मागच्या पिढीचा प्रश्न होता, आमची काळजी एकच, मूल झालं तर करिअर कसं सांभाळायचं. ज्येष्ठ प्राध्यापिका म्हणाल्या, आम्हीही त्या वयात अगदी हेच म्हणायचो. पण जसजसं वर गेलो तसतसं आम्हाला निर्णयांतून बाजूला सारलं गेलं. उघडपणे नाही, भांडून नाही. फक्त बोलावणं येईनासं झालं.

याचा अर्थ नीट समजून घेऊ. खालच्या पायरीवर वाटायला फारसं काहीच नसतं, त्यामुळे वाटप समान दिसतं. वर गेल्यावर खरी वाटणी सुरू होते: लॅब, निधी, समित्या, पद. तिथे कोणाचं नाव चटकन सुचतं, कोणाबरोबर चहाला जायची सवय आहे, कोण 'प्रमुख म्हणून शोभेल' असं वाटतं, या गोष्टी ठरवतात. कोणी दुष्ट असण्याची गरजच नसते. समितीने भेदभावाची व्याख्याच अशी केली की न जाणवणाऱ्या समजुती आणि सवयी मिळून, चांगल्या हेतूच्या माणसांमध्येसुद्धा, बायकांच्या विरोधात सतत काम करत राहतात. एकेक घटना छोटी. वीस वर्षांत त्याचं व्याज फार मोठं होतं.

हॉपकिन्स यांना स्वतःला बरीच वर्षं वाटायचं की बायका मागे पडतात त्या घर आणि मुलांमुळे. त्यांना मुलं नव्हती. तरी त्या मागेच ठेवल्या गेल्या होत्या. तेव्हा कुठे त्यांना कळलं की हिशेबात आणखी काहीतरी आहे.

आणि मग काय बदललं?

या गोष्टीत एक दुर्मीळ वळण आहे. संस्थेने कबूल केलं. अध्यक्ष व्हेस्ट यांनी अहवालासोबत स्वतः लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: विद्यापीठांतला भेदभाव थोडा खरा आणि थोडा समजुतीचा असतो असं मला नेहमी वाटायचं, पण त्यातला खरा भागच कितीतरी मोठा आहे हे आता कळलं. त्या काळी कायदेशीर सल्लागारांना घाम फुटेल असं हे वाक्य होतं. पण त्यामुळेच जगभरच्या विद्यापीठांतल्या बायकांना आपल्या कुलगुरूंपुढे ठेवायला एक कागद मिळाला.

अहवाल छापून येण्याआधीच बर्जेनो यांनी दुरुस्त्या सुरू केल्या होत्या. पगारातली तफावत भरून काढली, जागा दिली, नव्या नेमणुकांच्या वेळी बायकांची नावं खरंच शोधली जातायत का यावर लक्ष ठेवलं. पाच वर्षांत विज्ञान शाखेतल्या प्राध्यापिकांची संख्या २२ वरून ३० च्या पुढे गेली. हॉपकिन्स यांना टाक्यांसाठी जागा मिळाली आणि त्यांच्या गटाने माशाच्या सुरुवातीच्या वाढीसाठी लागणारी शेकडो जनुकं शोधून काढली. म्हणजे २०० चौरस फुटांवाचून नुकसान एका बाईंचं झालं नसतं, विज्ञानाचं झालं असतं.

जानेवारी २००१ मध्ये एमआयटीसह नऊ मोठ्या विद्यापीठांचे प्रमुख एकत्र बसले आणि आपापल्या संस्थेत हेच तपासायचं त्यांनी मान्य केलं. २००४ साली सुझन हॉकफील्ड एमआयटीच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

टीका झाली का? झाली. टीकाकार म्हणाले की पगार आणि जागेचे सविस्तर तक्ते जाहीर केलेलेच नाहीत, मग आम्ही पडताळायचं कसं? शिवाय ज्यांची तक्रार, त्याच समितीवर, हे कसं? पहिला आक्षेप दखल घेण्यासारखा आहे. संख्या इतकी कमी होती की तक्ता छापला असता तर कोणाचा पगार किती हे लगेच ओळखू आलं असतं, ही समितीची अडचण होती. पण आकडे मांडायचे तर ते दुसऱ्याला तपासता आले पाहिजेत, हा धडा पुढच्यांनी घ्यायलाच हवा.

आणि सगळं गोड झालं असंही नाही. २००५ साली हार्वर्डचे तेव्हाचे अध्यक्ष लॅरी समर्स एका परिषदेत म्हणाले की विज्ञानात अगदी वरच्या पातळीवर बायका कमी असण्यामागे उपजत क्षमतेतला फरक हे एक कारण असू शकतं. श्रोत्यांमध्ये हॉपकिन्स होत्या. त्या उठून निघून गेल्या आणि ती बातमी जगभर झाली. समर्स पुढच्या वर्षी पायउतार झाले, त्याला इतरही कारणं होती. २००७ मध्ये ड्रू फॉस्ट हार्वर्डच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. हार्वर्डची स्थापना १६३६ ची. वजाबाकी तुम्हीच करा.

आपोआप वाढत नाही

हॉपकिन्स यांनी नंतर आणखी एक काम केलं. एमआयटीत कोणत्या वर्षी किती प्राध्यापिका होत्या याचा त्यांनी आलेख काढला. आपल्याला वाटतं तो हळूहळू चढत जाणारा असेल. तो जिन्यासारखा निघाला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने विद्यापीठांवर समान संधीचे नियम लावले तेव्हा एक पायरी. मग लांबलचक सपाट. मग १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बर्जेनो यांच्या प्रयत्नांमुळे दुसरी पायरी. कोणीतरी मुद्दाम जोर लावला की आकडा वर गेला, जोर ओसरला की तिथेच थांबला.

२०११ साली एमआयटीने पुन्हा आढावा घेतला. विज्ञान आणि अभियांत्रिकीत प्राध्यापिका जवळपास दुप्पट झाल्या होत्या. मुलांसाठी पाळणाघर, बाळंतपणाच्या काळात कायम नेमणुकीची मुदत वाढवून मिळणं, हे रुळलं होतं. पण नवे प्रश्नही उभे राहिले होते. एक म्हणजे प्रत्येक समितीवर एक तरी बाई हवी असा दंडक झाला, आणि बायका मोजक्याच! मग त्याच त्या प्राध्यापिका दहा बैठकांना पळायच्या आणि संशोधनाला वेळ उरायचा नाही. दुसरं म्हणजे तरुण प्राध्यापिकांच्या कानावर येऊ लागलं की "तुला काय, बाई म्हणून घेतलं". म्हणजे आधी बाई म्हणून घेत नव्हते, आणि आता घेतलं तर बाई म्हणून घेतलं. दोन्हीकडून मार.

यातून शिकायचं काय, तर नुसती बाई बसवून भागत नाही. तिच्यावर पडलेलं जास्तीचं काम कोण मोजतंय आणि बढतीच्या वेळी ते धरलं जातंय का, हेही बघावं लागतं.

आपल्याकडे काय?

आता घरी येऊ. २०१६ च्या सुमारास आयआयटींमध्ये बीटेकला येणाऱ्या मुलींचं प्रमाण ८-९ टक्क्यांच्या आसपास होतं. एमआयटीच्या त्या आकड्याची आठवण झाली ना? मग २०१८ पासून मुलींसाठी वाढीव जागा सुरू झाल्या. मुलांच्या जागा कमी न करता जास्तीच्या जागा, आणि २०२० पर्यंत २० टक्क्यांचं लक्ष्य. पुन्हा तेच: मुद्दाम जोर लावला, आकडा हलला. पण हा प्रवेशाचा भाग. शिकवणाऱ्या किती, विभाग चालवणाऱ्या किती, हा प्रश्न अजून समोर आहेच.

कुलगुरूंच्या खुर्चीचं बघा. हंसाबेन मेहता १९४९ मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोनच वर्षांत. वाटलं असेल, झालं, आता रांग लागेल. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाला पहिल्या महिला कुलगुरू मिळाल्या २०२२ साली. त्या शांतिश्री पंडित, आधी पुण्यात शिकवायच्या. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाला २०२४ साली, नईमा खातून. अलीगढची गंमत म्हणजे १९२० साली विद्यापीठ झालं तेव्हा कुलपती एक स्त्रीच होती, भोपाळच्या बेगम सुलतान जहाँ. मानाचं पद पहिल्या दिवशी, कारभाराचं पद १०४ वर्षांनी.

खुर्चीवर बाई बसल्याने काय फरक पडतो, याचं उत्तर तुमच्या फायलीतच असेल. स्नेहलता देशमुख, पेशाने लहान मुलांच्या शल्यचिकित्सक, १९९५ ते २००० मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. विद्यापीठाच्या कागदपत्रांवर विद्यार्थ्याच्या आईचं नाव यावं यासाठी त्यांनी पुढाकार घेतला. माझ्या भाषेत सांगायचं तर फॉर्ममध्ये एक फील्ड वाढवलं. तांत्रिकदृष्ट्या किती सोपं! पण विद्यापीठ १८५७ चं. इतकी वर्षं त्या टेबलावर बसलेल्या विद्वानांना तो रकाना नाही हे खटकलंच नव्हतं. टेबलाभोवती एकाच प्रकारची माणसं असली की काही प्रश्न कोणाला सुचतच नाहीत.

धोरणाच्या पातळीवर केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने 'गती' नावाचा कार्यक्रम आणला. ब्रिटनमध्ये २००५ पासून 'अथेना स्वान' नावाची सनद आहे: संस्थेने स्वतःचे आकडे तपासायचे, उणिवा लिहायच्या, सुधारणेचा आराखडा द्यायचा आणि त्यावर दर्जा मिळवायचा. 'गती' त्याच धर्तीवर आहे आणि पहिल्या टप्प्यात तिच्यात ३० संस्था घेतल्या. मूळ कल्पना तीच, टेप हातात घ्या आणि आधी स्वतःचं घर मोजा.

तुमची टेप

आता तुम्ही म्हणाल, आम्ही तर विद्यार्थी, आमच्या हातात काय? मोजणं आहे ना. पुढच्या पंधरा दिवसांत चार गोष्टी मोजून बघा.

एक, टेक फेस्टची किंवा गॅदरिंगची कोअर टीम. किती मुली आहेत हे मोजा, पण तिथे थांबू नका. कोणाकडे काय आहे ते लिहा. स्पॉन्सरशिप, बजेट, टेक्निकल हेड कोणाकडे? सूत्रसंचालन, सजावट, पाहुण्यांचं स्वागत कोणाकडे? आमच्या कॉलेजात वर्षानुवर्षं पैशांचं काम मुलांकडे आणि रांगोळीचं मुलींकडे जायचं. असं कोणी ठरवलेलं नव्हतं. कोणी बदललंही नव्हतं.

दोन, वेळ. मुलींचं हॉस्टेल किती वाजता बंद होतं, मुलांचं किती वाजता? लॅब आणि लायब्ररी किती वाजेपर्यंत उघडी? या दोन वेळांतला फरक गुणिले वर्षाचे दिवस, एवढे तास मुलींना लॅब कमी मिळते. हा गुणाकार करून बघा, उत्तर बघून गप्प व्हाल.

तीन, बैठक. विभागाच्या किंवा क्लबच्या एका मीटिंगमध्ये कोण किती वेळ बोललं आणि मिनिट्स कोणी लिहिले, याची नोंद ठेवा.

चार, खुर्ची. गेल्या दहा वर्षांचे विभागप्रमुख, प्राचार्य, विद्यार्थी सचिव यांची नावं बहुतेक वेळा भिंतीवरच्या लाकडी फळ्यावर सोनेरी अक्षरांत असतात. फोटो काढा, मोजा.

आकडे आले की सोशल मीडियावर टाकायची घाई करू नका. आधी दुसरी एक जण शोधा जिने हेच पाहिलंय. मग तिसरी. मुलग्यांनाही घ्या, एमआयटीच्या समितीत होतेच की. मग सगळे मिळून प्राचार्यांकडे जा, आणि मागणी छोटी, तपासता येईल अशी ठेवा: "लॅबची वेळ दोघांना सारखी करा", "दर वर्षी हे आकडे नोटीस बोर्डवर लावा". एकट्याने केलेली तक्रार तुमच्यावर उलटू शकते. सोळा सह्या असलेला कागद फायलीत दाबून ठेवणं अवघड जातं.

आकडे समान निघाले तर? उत्तमच! तेही सांगा, कारण चांगलं चाललेलं कॉलेज नेमकं काय करतंय हे बाकीच्यांना कळायला हवं.

तर मंडळी, मोजा आणि आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. कॉलेजचं नाव सांगायची गरज नाही, फक्त आकडा आणि तो कसा मोजला ते सांगा. निवडक नोंदी आपण पुढच्या एखाद्या भागात ऐकवू. तोवर ऐकत राहा, आणि हा भाग त्या मैत्रिणीला नक्की पाठवा जिला वाटतंय की हे फक्त तिच्याच बाबतीत होतंय.